फास्ट चार्जिंगचा वेग आणि बॅटरीच्या मर्यादा: सेलच्या किती, चार्जरच्या किती आणि कंपनीने घातलेल्या किती?

पाचपाखाडीकर

शोरूममध्ये विजेवर चालणारी गाडी दाखवताना कमाल चार्जिंग वेगाचा जो आकडा सांगितला जातो, तो ग्राहकाला हमीसारखा वाटतो. खरेदीच्या कागदपत्रांत मात्र त्याची हमी कुठेही नसते. हा धागा काढण्याचे कारण माझ्या गाडीत झालेला एक बदल आहे. गेल्या हिवाळ्यात ठाण्यातील एका सर्व्हिस सेंटरमध्ये नियमित सर्व्हिसिंगच्या वेळी गाडीचे सॉफ्टवेअर अपडेट करण्यात आले. त्यापूर्वी पुण्याला जाताना द्रुतगती महामार्गावरील ज्या चार्जरवर, बॅटरी पंधरा-वीस टक्क्यांवर असताना, वेग पंचेचाळीस किलोवॅटच्या आसपास जात असे, त्याच चार्जरवर आणि तितक्याच रिकाम्या बॅटरीला आता बत्तीसच्या वर वेग मिळत नाही. बॅटरीचे आयुष्य वाढावे म्हणून हा बदल केला असल्याचे मला तोंडी सांगण्यात आले, परंतु लेखी काहीही मिळाले नाही. कंपनीचे नाव मी येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रश्न एका कंपनीपुरता नाही.

चर्चा आकड्यांच्या आधारे व्हावी म्हणून दोन जाहीर आकडे घेतो. २०२२ साली टाटाची नेक्सॉन ईव्ही मॅक्स आली, तेव्हा तिची ४०.५ किलोवॅट-तासांची बॅटरी ५० किलोवॅटच्या चार्जरवर शून्यापासून ८० टक्क्यांपर्यंत ५६ मिनिटांत भरते, असे सांगण्यात आले होते. ८० टक्के म्हणजे ३२.४ किलोवॅट-तास किंवा युनिट; ती ५६ मिनिटांत भरायची, तर सरासरी वेग ३५ किलोवॅटच्या जवळपास येतो. ह्युंदाईच्या आयोनिक ५ मध्ये ७२.६ किलोवॅट-तासांची बॅटरी असून ३५० किलोवॅटच्या चार्जरवर ती १० ते ८० टक्के १८ मिनिटांत भरते, असा कंपनीचा दावा आहे. त्याची सरासरी सुमारे १७० किलोवॅट निघते, म्हणजे चार्जरवर लिहिलेल्या आकड्याच्या निम्म्याहूनही थोडी कमी. या दाव्यांत खोटे काही नाही, परंतु प्रवासाला निघालेल्या माणसाच्या उपयोगाचा आकडा सरासरीचा असतो आणि जाहिरातीत ठळक छापला जातो तो कमाल वेगाचा.

माझे प्रश्न असे आहेत. चार्जिंगच्या वेगावरील कोणती मर्यादा बॅटरीच्या रसायनातून येते, कोणती चार्जरमुळे येते आणि कोणती कंपनी स्वतःच्या निर्णयाने घालते, हे गाडीमालकाला ओळखता येते का? आणि विक्रीनंतर कंपनीने ती मर्यादा आणखी खाली आणली, तर आपण नेमके काय मागू शकतो?

खाडीकिनारा (ऐरोली)

मी पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे पहिल्या प्रश्नाबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

सीसीएस-२ गन, म्हणजे फास्ट चार्जरची गाडीत लावायची जोडणी, लावल्यानंतर किती विद्युतप्रवाह द्यायचा, हे चार्जर ठरवत नाही. गाडीतील बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम, म्हणजे बीएमएस, चार्जरला सतत संदेश पाठवून अमुक अँपिअर प्रवाह मागत असते आणि चार्जर आपल्या कुवतीत राहून तेवढा देतो. त्यामुळे प्रत्यक्ष वेग म्हणजे गाडीची मागणी आणि चार्जरची कुवत यांतील लहान आकडा होय.

गाडीची मागणी ठरवणाऱ्या गोष्टींत पहिली म्हणजे सेलची कमाल व्होल्टेज मर्यादा. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारच्या सेलला साधारण ३.६५ व्होल्ट आणि एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) सेलला ४.२ व्होल्ट ही वरची सीमा असते. सुमारे ३२० व्होल्टच्या एलएफपी बॅटरीत असे जवळपास शंभर सेल एकामागोमाग जोडलेले असतात आणि त्यांतील एक सेल जरी सीमेला पोहोचला, तरी संपूर्ण बॅटरीचा प्रवाह कमी करावा लागतो. म्हणजे वेग सर्वांत कमकुवत सेलच्या गतीने ठरतो. सीमेजवळ पोहोचल्यावर व्होल्टेज स्थिर ठेवून प्रवाह हळूहळू उतरवत न्यावा लागतो, म्हणून शेवटच्या वीस टक्क्यांना इतका वेळ लागतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन ग्राफाइटच्या इलेक्ट्रोडमध्ये, त्याच्या थरांच्या आत, शिरायला हवे असतात. प्रवाह फार मोठा असला, किंवा ग्राफाइट आधीच बरेच भरलेले असले, किंवा सेल थंड असला, तर आत शिरण्याची गती अपुरी पडते आणि लिथियम धातूच्या रूपात पृष्ठभागावर साचते. अशा साचलेल्या लिथियमचा काही भाग पुन्हा वापरात येत नाही, त्यामुळे क्षमता कायमची घटते; आणि साका वाढून त्याचे टोकदार तंतू तयार झाले, तर आतल्या आत शॉर्ट सर्किट होण्याचा धोका निर्माण होतो. हे नुकसान बाहेरून दिसत नाही आणि लगेच जाणवतही नाही. म्हणूनच प्रत्येक कंपनी सेलच्या सैद्धांतिक सीमेच्या बऱ्यापैकी आत राहते, आणि किती आत राहायचे हा तिचा स्वतःचा निर्णय असतो.

तिसरी गोष्ट उष्णतेची, आणि ठाणे-नवी मुंबईत आपला रोजचा संबंध तिच्याशीच येतो. बॅटरीच्या अंतर्गत रोधामुळे निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आपल्या गाडीचे व्होल्टेज चार्जिंगच्या वेळी ३४० च्या आसपास धरले, तर ४५ किलोवॅटला सुमारे १३२ अँपिअर लागत होते आणि ३२ किलोवॅटला सुमारे ९४ अँपिअर लागतात. प्रवाह साधारण तीस टक्क्यांनी कमी झाला, पण उष्णता जवळजवळ निम्म्यावर आली. मे महिन्यात तापलेल्या डांबरावरून पनवेलपर्यंत यायचे, पुढे खोपोली ते लोणावळा ही सुमारे साडेपाचशे मीटरची चढण चढायची आणि लगेच गन लावायची, यात बॅटरीला थंड व्हायला वेळ मिळत नाही. त्यात द्रवाने बॅटरी थंड करणाऱ्या अनेक गाड्यांमध्ये तिचा आणि केबिनचा एसी एकाच कॉम्प्रेसरवर चालतो. अशा वेळी बीएमएसने मागणी घटवणे योग्यच आहे. फक्त ती घट तापमान उतरल्यावर नाहीशी झाली पाहिजे.

आठशे व्होल्टच्या गाड्या वेगवान असण्याचे कारणही येथेच सापडते. व्होल्टेज दुप्पट झाले की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह निम्मा लागतो, त्यामुळे केबलमध्ये आणि जोडांमध्ये होणारी उष्णता चौथ्या हिश्श्यावर येते.

माझी एक शंका आहे. आपला सध्याचा प्रवाह शंभर अँपिअरच्या अगदी जवळ येतो, आणि शंभर हा आकडा चार्जरच्या बाजूने येण्याचीही, म्हणजे चार्जरच त्याहून जास्त प्रवाह देत नसण्याचीही, पुरेशी शक्यता आहे. सॉफ्टवेअरला दोष देण्यापूर्वी ती तपासून घ्यावी.

वाघबीळ

खाडीकिनारा यांच्या शेवटच्या मुद्द्याला माझा अनुभव दुजोरा देतो. घोडबंदर रस्त्यालगतच्या एका व्यापारी संकुलातील चार्जरची देखभाल माझ्याकडे आहे.

साठ किलोवॅट असे लिहिलेल्या अनेक चार्जरमध्ये तीस-तीस किलोवॅटची दोन मॉड्यूल, म्हणजे वीज पुरवणारे स्वतंत्र भाग, असतात आणि गनही दोन असतात. एकच गाडी उभी असेल तर दोन्ही मॉड्यूल तिला मिळतात. दुसरी गाडी आली की प्रत्येकीच्या वाट्याला एक येते. एखादे मॉड्यूल बंद पडले तरी चार्जर बंद होत नाही, तो तीस किलोवॅटवर चालत राहतो आणि ग्राहकाला गाडीचाच दोष वाटतो. मेट्रोच्या कामामुळे आमच्या रस्त्यावर धूळ इतकी असते की हवेचे फिल्टर वेळेवर साफ केले नाहीत, तर दुपारच्या उन्हात मॉड्यूल तापून स्वतःच शक्ती कमी करते. याशिवाय काही ठिकाणी चालकाने महावितरणकडून मंजूर भारच कमी घेतलेला असतो, कारण मंजूर भार वाढला की दरमहा मागणी आकारही वाढतो. अशा ठिकाणी चार्जर कितीही मोठा बसवला, तरी त्याला सॉफ्टवेअरने आवर घातलेला असतो.

म्हणून धागालेखकांना सुचवतो की त्यांनी महामार्गावरचा चार्जर सोडून नवी मुंबईतील १२० किलोवॅट किंवा त्याहून मोठा, दोनशे अँपिअर देऊ शकणारा चार्जर निवडावा. सकाळी लवकर, रात्रभर उभी असलेली गाडी घेऊन जावे, बॅटरी वीस टक्क्यांच्या खाली असावी आणि शेजारची गन रिकामी असावी. काही चार्जरच्या पडद्यावर गाडीने मागितलेला प्रवाह आणि प्रत्यक्ष दिलेला प्रवाह हे दोन्ही दिसतात. त्या पडद्याचे छायाचित्र घ्यावे.

नेरूळवासी

मला या तक्रारीची दुसरी बाजू मांडायची आहे, कारण सुरक्षिततेपुढे दहा-पंधरा मिनिटांची किंमत फार नाही असे मी मनापासून मानतो.

डिसेंबर २०२० मध्ये ह्युंदाईने भारतात कोना इलेक्ट्रिकच्या ४५६ गाड्या बॅटरीच्या तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. त्याच्या आदल्याच महिन्यात जनरल मोटर्स या अमेरिकी कंपनीने शेवरोले बोल्टच्या जगभरातील ६८ हजारांहून अधिक गाड्या आगीच्या धोक्यामुळे परत बोलावल्या आणि कायमचा उपाय सापडेपर्यंत सॉफ्टवेअरने त्यांचे चार्जिंग ९० टक्क्यांवर थांबवले. त्या गाड्यांच्या मालकांनी मर्यादा नको असा आग्रह धरला असता, तर काय झाले असते? हजारो गाड्यांच्या बॅटऱ्यांची माहिती कंपनीकडे जमा होते आणि आपल्याकडे एकाच गाडीचा अनुभव असतो. एखाद्या तुकडीतील सेल अपेक्षेपेक्षा लवकर झिजत आहेत असे तिला दिसले, तर तिने वेग कमी करावा यातच शहाणपण आहे.

पाचपाखाडीकर

नेरूळवासी, आपले म्हणणे मला मान्य आहे आणि सुरक्षिततेसाठी घातलेल्या मर्यादेविरुद्ध माझी तक्रार नाही. परंतु आपण दिलेल्या दोन्ही उदाहरणांत कंपनीने दोष जाहीर केला, गाड्यांची संख्या सांगितली आणि बोल्टच्या बाबतीत मर्यादा तात्पुरती असल्याचेही सांगितले. माझ्या बाबतीत यांपैकी काहीच झालेले नाही. धोका असेल तर तो मला कळलाच पाहिजे, कारण ती गाडी माझ्या इमारतीच्या तळघरात, इतरांच्या गाड्यांच्या शेजारी उभी असते. आणि धोका नसेल, तर पैसे घेऊन विकलेली सोय विचारल्याशिवाय काढून घेण्याचे कारण कळले पाहिजे. बॅटरीचे आयुष्य वाढावे म्हणून, हे उत्तर या दोहोंपैकी कशातच बसत नाही. आणि वॉरंटीतील बदली टाळण्यासाठी मर्यादा घातली असेल, तर त्या आयुष्याचा लाभ प्रामुख्याने कंपनीला होतो.

याबाबत अमेरिकेतील एक प्रकरण उपयोगी आहे. मे २०१९ मध्ये टेस्लाने एका सॉफ्टवेअर अपडेटद्वारे मॉडेल एस गाड्यांच्या काही बॅटऱ्यांचे कमाल व्होल्टेज खाली आणले. मालकांनी दावा दाखल केला आणि २०२१ मध्ये कंपनीने १५ लाख डॉलरची तडजोड मान्य केली. त्यात १,७४३ गाड्या होत्या आणि बहुतेक मालकांच्या वाट्याला ६२५ डॉलर आले. रक्कम लहान आहे, परंतु विक्रीनंतर अपडेटने गाडीची क्षमता कमी केली तर त्याची भरपाई द्यावी लागू शकते, एवढे त्यातून दिसले.

वाघबीळ यांनी सांगितल्याप्रमाणे चाचणी करून येथे कळवतो.

खारघरकर

विषयाशी जवळचा एक प्रश्न विचारतो. आमच्या सोसायटीच्या सभेत, तळघरात उभ्या राहणाऱ्या विजेच्या गाड्यांनी ८० टक्क्यांच्या वर चार्ज करू नये, असा ठराव मांडण्यात आला आहे. माझ्या गाडीची बॅटरी एलएफपी असून पुस्तिकेत मात्र ती अधूनमधून पूर्ण चार्ज करावी असे लिहिले आहे. यातले काय पाळावे?

खाडीकिनारा (ऐरोली)

पुस्तिका पाळावी. एलएफपी सेलचे व्होल्टेज साधारण वीस ते नव्वद टक्क्यांच्या दरम्यान इतके थोडे बदलते की केवळ त्यावरून बॅटरी किती भरली आहे, हे बीएमएसला नेमके कळत नाही. ती आत-बाहेर गेलेला प्रवाह मोजत अंदाज बांधते, आणि त्या मोजणीत साचत गेलेली चूक दुरुस्त करण्याची संधी पूर्ण चार्ज झाल्यावरच मिळते. वेगवेगळ्या सेलमधला समतोल साधण्याचे कामही अनेक गाड्यांत वरच्या टोकालाच होते. वर्षभर ऐंशीवर थांबलेल्या एलएफपी गाडीत पडद्यावर पंधरा टक्के दिसत असताना प्रत्यक्षात कमी शिल्लक असणे शक्य आहे. एनएमसीची गोष्ट वेगळी आहे. ती वरच्या टोकाला फार काळ उभी राहिली तर लवकर झिजते, म्हणून तिच्यासाठी रोजची ऐंशीची सवय चांगली आहे आणि लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री शंभर केले तरी हरकत नाही.

ठरावामागची भीती मी समजू शकतो. ऑगस्ट २०२४ मध्ये दक्षिण कोरियातील इंचॉन येथे एका निवासी संकुलाच्या तळघरात उभ्या असलेल्या विजेच्या गाडीने पेट घेतला आणि मोठे नुकसान झाले. त्यानंतर सोल शहराने तळघरात ९० टक्क्यांपेक्षा कमी चार्ज असलेल्या गाड्यांनाच प्रवेश देण्याचा प्रस्ताव मांडला होता. मात्र ती गाडी आग लागली तेव्हा चार्जिंगला लावलेली नव्हती, ती नुसती उभी होती. भरलेल्या बॅटरीत ऊर्जा जास्त असते हे खरे, परंतु आग सुरू होण्याचे कारण सेलमधील दोष किंवा इजा असते आणि टक्केवारीवर बंधन घातल्याने तो दोष जात नाही. आपल्या सोसायटीने त्यापेक्षा तळघरातील स्प्रिंकलर चालू आहेत का, चार्जिंगच्या प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र एमसीबी आणि गळती ओळखणारा आरसीसीबी आहे का, अर्थिंग मोजले आहे का आणि पंधरा अँपिअरच्या सॉकेटवरून एक्स्टेंशन बोर्ड लावून कोणी चार्जिंग करते का, हे पाहावे. घरच्या ३.३ किलोवॅटच्या चार्जिंगमध्ये बॅटरीवर ताण जवळपास नसतो. ताण असतो तो तासन्‌तास पंधरा अँपिअर वाहून नेणाऱ्या सॉकेटवर आणि वायरिंगवर.

फास्ट चार्जिंगने बॅटरी किती झिजते, यावर रिकरंट या अमेरिकी संस्थेने २०२३ मध्ये बारा हजारांहून अधिक टेस्ला गाड्यांची माहिती तपासली होती. वारंवार फास्ट चार्जिंग करणाऱ्या आणि क्वचित करणाऱ्या गाड्यांच्या रेंजमध्ये त्यांना लक्षणीय फरक आढळला नाही. त्या गाड्या द्रवाने थंड होतात आणि त्यांची बीएमएस सावध आहे, हे ध्यानात ठेवूनच तो निष्कर्ष वाचावा. केवळ हवेने थंड होणाऱ्या बॅटरीला तो तसाच लागू करता येणार नाही.

पाचपाखाडीकर

चाचणी झाली. वाशीजवळच्या एका मोठ्या चार्जरवर सकाळी सहाच्या सुमारास गेलो. बॅटरी अठरा टक्क्यांवर होती आणि दुसरी गन रिकामी होती. चार्जर दोनशे अँपिअर देऊ शकतो असे पडद्यावर दिसत होते, परंतु गाडीची मागणी ९५ अँपिअरवर थांबली आणि पन्नास टक्के होईपर्यंत जवळजवळ तेवढीच राहिली. पडद्याची छायाचित्रे माझ्याकडे आहेत. अपडेटपूर्वीच्या चार्जिंगची नोंद चार्जर कंपनीच्या ॲपमध्ये युनिट आणि वेळेसह शिल्लक आहे, त्यामुळे दोन्हींची तुलना करता येते.

कळवेकर

मी वकिली करतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. बॅटरीची वॉरंटी साधारणपणे आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर अशी असते आणि बहुतेक ठिकाणी ती क्षमतेबद्दल बोलते, चार्जिंगच्या वेगाबद्दल नाही. त्यामुळे वॉरंटीच्या मार्गाने ही तक्रार पुढे जाणे कठीण आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील सदोष वस्तू, सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या संकल्पना येथे अधिक उपयोगी पडतात. जाहिरातीत किंवा माहितीपत्रकात दिलेला वेग अपडेटनंतर मिळत नाही, हे दाखवता आले पाहिजे. म्हणून खरेदीच्या वेळचे माहितीपत्रक शोधून ठेवा, कारण संकेतस्थळावरील मजकूर बदलतो.

प्रथम कंपनीला ईमेलने आणि नोंदणीकृत टपालाने पत्र पाठवा. उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगात तक्रार करण्याची मुभा २०१९ च्या कायद्याने दिलेली आहे, म्हणजे कंपनीचे मुख्यालय कुठेही असले तरी आपल्याला ठाण्यातच दाद मागता येईल. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि आपल्या बाबतीत ती अपडेटच्या तारखेपासून धरली जाण्याची शक्यता असल्याने त्या दिवसाचे जॉबकार्ड, म्हणजे सर्व्हिस सेंटरने केलेल्या कामाची नोंद, हाताशी ठेवा. त्यावर सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहिलेली नसेल, तर ती लेखी मागून घ्या.

पाचपाखाडीकर

कळवेकर, आपला आभारी आहे. जॉबकार्ड आहे, त्यावर केवळ सॉफ्टवेअर अपडेट एवढेच शब्द आहेत. पत्राचा मसुदा आज रात्री तयार करतो. अपडेटपूर्वीची आणि नंतरची आवृत्ती कोणती, कमाल प्रवाहाची मर्यादा कितीवरून किती केली, ती सुरक्षिततेसाठी आहे की आयुष्यासाठी, आणि ती कायमची आहे का, ही माहिती मागणार आहे. आणखी काही मागावे असे कोणाला वाटते का?

खाडीकिनारा (ऐरोली)

बॅटरीचा आरोग्य अहवालही मागा. त्यात एकूण क्षमता किती टक्के उरली आहे, सेलचा अंतर्गत रोध किती आहे आणि पूर्ण चार्ज झाल्यावर सर्वांत वरच्या व सर्वांत खालच्या सेलच्या व्होल्टेजमध्ये किती फरक पडतो, हे आकडे असावेत. यामागचे कारण असे की एखाद्या सेलचा रोध वाढला असेल, तर बीएमएस जुन्या सॉफ्टवेअरवरही स्वतःहून मागणी घटवते. मग तो प्रश्न अपडेटचा राहत नाही, वॉरंटीत बसणाऱ्या दोषाचा होतो आणि बॅटरीचे मॉड्यूल, म्हणजे सेलचा संच, बदलून मागता येते. मात्र आपण पाहिलेली मागणी अठरा ते पन्नास टक्क्यांपर्यंत ९५ अँपिअरवर सपाट राहिली. कमकुवत सेलमुळे होणारी घट सहसा बॅटरी भरत जाते तशी वाढत जाते, त्यामुळे सपाट रेषा ही ठरवून घातलेल्या मर्यादेकडे अधिक बोट दाखवते. पत्रासोबत त्या रेषेचा आलेख जोडा, टक्केवारी आडव्या अक्षावर आणि अँपिअर उभ्या अक्षावर. अपडेटपूर्वीच्या नोंदींत केवळ युनिट आणि वेळ असली तरी त्यावरून सरासरी किलोवॅट काढून ती खाली तक्त्यात द्या.